कीटकनामांची सूची : नाव आणि ठिकाण

चार्ल्स डेव्हिस शेरबॉर्न यांनी ‘इंडेक्स ॲनिमॅलियम’ या नामसूचीचे काम १८९० मध्ये हाती घेतले व १९३३ मध्ये पुरे केले. १७५८ ते १८५० या काळात प्राण्यांना दिलेली चार लाखांहून अधिक नावे त्यांनी चिठ्ठ्यांवर उतरवून लावली. त्यांत कीटकांचा वाटा अर्थातच मोठा आहे. ही नावे प्रजातीच्या नव्हे, तर जातिवाचक पदाच्या वर्णानुक्रमाने लावलेली आहेत, आणि या मांडणीतच शेरबॉर्न यांची दृष्टी दिसते. प्रजाती बदलते, जातिवाचक पद टिकते. लिनीअसने १७५८ मध्ये झाडून सारी फुलपाखरे ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत घातली होती. त्यांतील लिंबाच्या झाडावर वाढणारे ‘डेमोलिअस’ अजून तेथेच आहे. रुईवर वाढणारे ‘क्रिसिपस’ मात्र ‘डॅनाउस’ या प्रजातीत गेले. म्हणून पहिल्या नावापुढे लिनीअसचे नाव कंसाविना येते, दुसऱ्यापुढे कंसात. हा कंस गाळला, की ‘डॅनाउस क्रिसिपस’ हेच मूळ नाव समजून अभ्यासक ते लिनीअसच्या ग्रंथात व्यर्थ शोधत बसतो.

नावाच्या बाबतीत हे शास्त्र असे काटेकोर आहे. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची पहिली आवृत्ती १९६१ मध्ये निघाली आणि चौथी २००० च्या प्रारंभापासून अंमलात आली. अग्रक्रम कोणाला, पर्यायनामे कोणती, मूळ वर्णलेखन कोठवर पाळावयाचे, या सर्वांना तीत बंधनकारक नियम आहेत. शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, तरी जातिनामात एकदा आलेले ‘बॉम्बे’ बदलता येत नाही. उलट, ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून नाव दिले गेले त्या प्ररूपस्थानाचा शोध कसा घ्यावा आणि त्यातील चूक कशी सुधारावी, याविषयी संहितेत केवळ शिफारस आहे. नावातील एका अक्षराला कायदा आणि ठिकाणाला उपदेश, अशी ही विषम वाटणी आहे. सूचीकारांनीही ती निमूटपणे स्वीकारली.

भारतीय कीटकांविषयीचे ग्रंथ या दृष्टीने चाळून पाहावेत. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील हॅम्पसन यांचे पतंगांवरील चार खंड (१८९२–९६) किंवा बिंगहॅम यांचे फुलपाखरांवरील दोन खंड (१९०५, १९०७) यांच्या अखेरीस जी वर्णानुक्रमणी आहे ती प्राणिनामांची, स्थळांची नाही. इव्हान्स यांचे भारतीय फुलपाखरांच्या ओळखीवरील पुस्तक १९२७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. त्यात वितरण प्रदेशांच्या संक्षेपांनी उरकलेले आहे. ओळख पटविणे हाच ज्याचा हेतू, त्या पुस्तकाला ते शोभते. मोठ्या नामसूचीला मात्र ही सबब लागू पडत नाही. वर्षनी व स्मेटासेक यांच्या २०१५ च्या सूचीत तेराशेहून अधिक जातींची नावे व पर्यायनामे परिश्रमपूर्वक एकत्र आली, हे तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु पर्यायनामांचा हा न्याय स्थळनामांना कोणी लावावयाचा, हा प्रश्न तिच्यानंतरही उरतोच.

जोगेश्वरीचे उदाहरण घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. हे गाव साष्टी बेटावरचे. १९२० पूर्वी तेथे टाचणीला लावलेल्या कीटकाच्या चिठ्ठीवर ‘साष्टी’ किंवा ‘ठाणे’ येणे स्वाभाविक होते. त्या वर्षी मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत आली, आणि तोच मुलूख ‘बृहन्मुंबई’ म्हणून लिहिला जाऊ लागला. १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला. जमीन जागची हलली नाही, पण चिठ्ठीवरचे तिचे नाव तीनचार वेळा पालटले. शिवाय जुन्या ग्रंथांतील ‘बॉम्बे’ म्हणजे बेट, बंदर की सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला इलाखा, हे बहुधा संदर्भावरूनच ताडावे लागते. डेव्हिडसन, बेल आणि एटकेन यांनी १८९६ पासून उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर लेखमाला लिहिली, तेव्हा इलाख्याच्या जोडीने जिल्ह्याचे नाव शीर्षकातच घातले होते. ही साधी दक्षता पुढच्या संग्राहकांनी सार्वत्रिक केली असती, तर आजचे निम्मे कूट उद्भवलेच नसते.

याहून अवघड प्रकार आंबोलीचा. जोगेश्वरीची लेणी जुन्या लेखनात ‘आंबोलीची लेणी’ म्हणूनही येतात, कारण शेजारचे गाव आंबोली. दुसरी आंबोली सह्याद्रीच्या माथ्यावर, पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानात. १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात. तेथील एका बेडकाला २००९ मध्ये ‘अंबोली’ हेच जातिवाचक पद मिळाले. पुढे त्याची प्रजाती बदलली, पद राहिले. बेडकाबाबत संशयाला जागा नाही, मूळ वर्णन स्पष्ट आहे. पण एखाद्या जुन्या भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवर नुसते ‘आंबोली’ असेल, तर तो समुद्रसपाटीलगतचा की घाटमाथ्यावरच्या पावसाळी जंगलातला? संग्राहकाची दैनंदिनी, प्रवासाचा क्रम, पकडल्याची तारीख यांवाचून याचा निकाल लागत नाही; आणि या गोष्टींची नोंद नामसूचीत नसते.

ठिकाण नीट नोंदले म्हणजे काय साधते, हेही जोगेश्वरीतच पाहावयास मिळते. येथील अंधांसाठीच्या एका शाळेच्या आवारातील विहिरीत सापडलेल्या भूजलवासी अंध माशाला २०२१ मध्ये ‘रक्तमिक्थिस मुंबा’ हे नाव मिळाले. मासा हा कीटक नव्हे. तथापि प्ररूपस्थान एका विहिरीपर्यंत निश्चित असल्यामुळे ती विहीर बुजली तर नेमके काय हरपेल, हे सांगता येते. वस्ती वाढण्यापूर्वी जोगेश्वरीच्या टेकड्यांवर कोणते पतंग होते, या प्रश्नाला असे उत्तर सूचींतून मिळत नाही. नमुने कदाचित पेट्यांत असतीलही, पण ते साष्टी, ठाणे आणि बॉम्बे या तीन नावांखाली विखुरलेले राहतील.

अलीकडे जुन्या चिठ्ठ्यांना अक्षांश-रेखांश जोडून त्या संगणकीय सूचीत घालण्याची प्रथा पडली आहे. नव्या नमुन्यांना ती उपकारक आहे. पण नुसत्या ‘बॉम्बे’ला शहराच्या मध्यावरचा एक बिंदू देऊन टाकणे हा उपाय मूळ दोषाहून वाईट. संदिग्ध शब्द निदान आपली संदिग्धता लपवीत नाही. बिंदूबरोबर अनिश्चिततेचे अंतर नोंदलेले नसेल, तर तो ठाम असत्य सांगतो. त्याऐवजी प्रत्येक स्थळनामापुढे ते कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कोणत्या हद्दीला लावले जात होते, त्याची वर्णलेखने किती आणि त्याच नावाची दुसरी गावे कोठे, एवढे देणारी सूची हवी. तिला कीटकशास्त्रज्ञाइतकीच गॅझेटियरे वाचणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याची गरज आहे. साष्टीपुरती ती एका विभागाला दोनतीन वर्षांत करता येण्याजोगी आहे.