मनातले आणि हातातले

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेतील ‘इअरशॉट’ हा भाग जेन एस्पेन्सन यांनी लिहिला. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, म्हणून त्याचे प्रक्षेपण सप्टेंबर १९९९ पर्यंत लांबवले गेले. भंडारा जिल्ह्यात बसून हा भाग पाहताना खैरलांजीची आठवण होते. ती का होते, एवढेच येथे मांडायचे आहे.

बफी ही पिशाच्चांशी लढणारी शाळकरी मुलगी. एका राक्षसाच्या रक्तामुळे तिला, न मागता, इतरांच्या मनातले ऐकू येऊ लागते. आधी मौज वाटते. मग तो गलबला असह्य होऊन ती अंथरूण धरते. त्या गलबल्यात एक आवाज असतो : उद्या मी सर्वांना मारणार. शोध घेता घेता मनोऱ्यात बंदूक घेऊन बसलेला जोनाथन सापडतो. पण तो स्वतःलाच संपवायला निघालेला असतो. बफी त्याला सांगते, खालचा प्रत्येकजण आपल्याच दुःखात बुडालेला आहे, म्हणून तुझे दुःख कुणाला दिसत नाही. खरी खुनी निघते शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई. अन्नात उंदराचे विष कालवताना ती झँडरच्या नजरेस पडते. म्हणजे मनाचा आवाज चुकीच्या माणसाकडे नेतो आणि विष साध्या डोळ्यांना दिसते.

लेखिकेची करुणा अस्सल आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ‘सगळेच दुःखी’ हे उत्तर गावकुसाबाहेर पुरे पडत नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना जमावाने ठार मारले. शेतातील वाटेचा वाद होता. एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाईंनी हल्लेखोरांना ओळखले होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू मानला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हा सूड मानला, जातिद्वेष नव्हे. १९८९ च्या त्या कायद्यानुसार अशा गुन्ह्यात, बळी अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ तो घडला, हे दाखवावे लागे. म्हणजे मारेकऱ्याचे मन वाचा! २०१५ च्या दुरुस्तीने बळीची जात ठाऊक असणे पुरेसे ठरवले. भोतमांगे कुटुंबाला तिचा उपयोग नव्हता. भैयालाल २०१७ मध्ये गेले.

जात ही मनाची अवस्था आहे, असे बाबासाहेबांनीही १९३६ मध्ये मांडले. पण ते मन वाचायला त्यांना राक्षसाचे रक्त लागले नाही. शास्त्रे, पाणवठे आणि वस्त्या उघड्याच होत्या. सूड असेल, पण जमाव जमवून एका घरातील चौघांना मारता येते, ही खात्री कुठून आली? ती खात्री म्हणजेच जात.

शिक्षकांनी हा भाग वर्गात जरूर दाखवावा. नंतर एकच प्रश्न विचारावा : विष कोणी ऐकले, आणि कोणी पाहिले?