आज्ञापत्रांतील वृक्षविषयक आज्ञा : एक परीक्षण

रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचें. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत लांकडासंबंधीं जी आज्ञा आहे, ती अलीकडे व्याख्यानांतून व फलकांवर वारंवार आढळते; बहुधा शिवछत्रपतींचे स्वतःचे शब्द म्हणून. महाराजांचें निधन १६८० चें व ग्रंथ कोल्हापूरच्या गादीसाठीं लिहिलेला. त्यांत महाराजांच्या धोरणाचा वारसा असला तरी शब्द अमात्यांचे होत. परंतु आमच्या मतें याहून मोठा दोष निराळाच आहे. ही आज्ञा अर्धीच वाचली जाते.

मूळांत चार गोष्टी आहेत. अरण्यांतील सागवानादि वृक्ष हुजूरच्या परवानगीनें तोडावे. त्याखेरीज लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं देऊं नये, कारण तीं झाडें वर्षादोन वर्षांत होत नाहींत. अगदीं जीर्ण झालेलें झाड घेणेंच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. फलकांवर तिसरी गोष्ट येते, क्वचित् चौथी. पहिल्या दोन गळतात. त्या गळाल्या कीं राजनीतीचें सुभाषित होतें.

कौटिलीय अर्थशास्त्रांत कुप्याध्यक्षाच्या प्रकरणीं शाक, म्हणजे साग, सारदारूंच्या यादीच्या आरंभींच आहे, व द्रव्यवन तोडणारांवर देणें आणि दंड सांगितला आहे. अमात्यांनीं ही चौकट मोडलेली नाहीं. साग राज्याचा, आंबा रयतेचा, हा त्यांचा भेद. आज्ञेचा हेतु वनरक्षण नसून आरमाराच्या गरजेपासून रयतेचें रक्षण हा आहे. झाडाची किंमत त्यास लागलेल्या वर्षांनीं मोजावी, ही दृष्टि तींत असामान्य आहे. पण परमुलखांतील झाडास ती लावलेली नाहीं.

जगानें पुढें अनुसरली ती नेमकी ही दुसरी गोष्ट. इंग्लंडांत जहाजांसाठीं ओक अपुरा पडूं लागला, तेव्हां ईस्ट इंडिया कंपनीनें १८०६ मध्यें मलबारच्या सागासाठीं कॅप्टन वॉटसन यांस वनरक्षक नेमिलें. मक्तेदारीनें जमीनमालक व व्यापारी गांजले. टॉमस मन्रो मद्रासचे गव्हर्नर असतां तें पद मोडलें. मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' युद्धनौका १८१७ मध्यें मुंबईस वाडियांच्या हातून सिद्ध झाली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें शाबूत आहे. ओकाची उणीव सागानें भरली, एवढाच त्याचा अर्थ. आज विजेऱ्यांसाठीं कोबाल्टची मागणी वाढत आहे, व जगांतील अर्ध्याहून अधिक कोबाल्ट एकट्या कांगोच्या खाणींतून निघतें. आपला आंबा राखावा आणि कुऱ्हाड परमुलखास धाडावी, हाच क्रम. खनिजास तर पुनः पालवी फुटत नाहीं.

म्हणून ही आज्ञा उद्धृत करणारांनीं ती संपूर्ण द्यावी, व कर्त्याच्या नांवानिशीं द्यावी. तसेंच ज्यांच्या संग्रहीं अमात्य किंवा आंगरे यांच्या दप्तरांतील कागद असतील, त्यांनीं लांकूडखरेदीचे हिशेब व झाडांच्या मोलाच्या पावत्या मितीसह प्रसिद्ध कराव्या. आज्ञा सुंदर असणें निराळें आणि ती पाळली जाणें निराळें. दुसऱ्याचा निवाडा कागदच करतील.