परदेशस्थ विद्यार्थिनीचीं पत्रें

काशीबाई कानिटकरकृत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राचें खरें धन म्हणजे आनंदीबाईंचीं अमेरिकेंतील पत्रें होत. १८८३ ते १८८६ या काळांत टपाल बोटीनें जाई. स्वतः टपालखात्यांत नोकर असलेल्या गोपाळरावांचा कठोर शब्द फिलाडेल्फियास पोहोंचे, तोंवर त्यांचा राग बहुधा निवालेलाही असे. तिकडे मात्र कडाक्याच्या थंडींत शाकाहार सांभाळून वैद्यक शिकणारी ती १८-१९ वर्षांची मुलगी नव्यानें घायाळ होई. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरींत दांपत्य ठसठशीत उभें राहतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु विद्यार्थिनी झांकोळते. काशीबाईंनीं, त्याही चोरूनच वाचावयास शिकलेल्या, तिला बरोबर ओळखिलें.