गोफण ‘सोपी’ कशी? खेळातले शस्त्रगट आणि आपल्या सिनॉप्सिसमधले गट

सिनॉप्सिस लिहायला बसलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर वर्गीकरण येतंच. प्रतिसादकांचे गट, कामांचे प्रकार, शेतकऱ्यांच्या श्रेणी. बहुतेक जण हे गट आधीच्या एखाद्या प्रबंधातून उचलतात, दोन शब्द इकडे-तिकडे करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मग मुलाखतीत समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, “हे गट कशाच्या आधारावर पाडले?” आणि तिथे गाडी अडते.

आज याच प्रश्नासाठी एक वेगळं उदाहरण घेते आहे. ते कुठल्या प्रबंधातलं नाही, एका खेळातलं आहे. खेळातलं वर्गीकरण तपासायचा फायदा असा की त्याचे नियम सगळे छापलेले असतात. काहीच गुलदस्त्यात नसतं. त्यामुळे चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. 1974 साली अमेरिकेत आला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, योद्धा, जादूगार, चोर, आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. यात ‘वेपन प्रोफिशिअन्सी’ नावाचा नियम आहे, म्हणजे शस्त्रातलं प्रावीण्य. ज्या शस्त्राचं प्रावीण्य तुमच्या पात्राकडे आहे ते नीट चालतं. नसेल तर घाव चुकण्याची शक्यता वाढते. साधी गोष्ट आहे. पण शस्त्रं डझनावारी, मग प्रावीण्य द्यायचं कसं?

1978 च्या नियमपुस्तकात उत्तर होतं: एकेक शस्त्र सुटं. योद्ध्याला सुरुवातीला चार शस्त्रं, जादूगाराला एक. पुढे 1995 च्या एका पूरक पुस्तकात सारखी शस्त्रं जवळच्या आणि दूरच्या गटांत बांधली. तुम्हाला गटातलं एक शस्त्र येत असेल तर त्याच जवळच्या गटातलं दुसरं अगदीच परकं नाही, त्याचा दंड निम्मा. 2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि तिने सगळं तीन रकान्यांत बसवलं: सिम्पल, मार्शल आणि एक्झॉटिक. आपण म्हणू साधी, लष्करी आणि परकी. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तिसरा रकाना गेला, पहिले दोन राहिले.

आता साध्या शस्त्रांच्या रकान्यात काय आहे बघा. सोटा, खंजीर, भाला, विळा, हलकी क्रॉसबो आणि गोफण.

क्रॉसबो तिथे का आहे ते पटतं. दोरी ओढून अडकवायची, नेम धरायचा, खटका दाबायचा. नवख्या माणसालाही थोड्या दिवसांत जमते. उलट लांब धनुष्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, म्हणून ते लष्करी रकान्यात. इथवर निकष स्पष्ट आहे: शिकायला लागणारा वेळ.

पण मग गोफण? बुलडाणा जिल्ह्यात ज्वारीच्या शेतात पाखरं राखलेला कुणी जुना माणूस गाठा आणि त्याला सांगा की एका खेळात गोफणीला सोपं हत्यार म्हणतात. तो हसेल. गोफणीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, मधल्या खोळीत दगड. डोक्यावरून फिरवून नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. तो क्षण जरा पुढे-मागे झाला की दगड भलतीकडे जातो, कधी पाठीमागेही. नेम तर सोडाच, दगड समोर जायला लागण्यातच कितीतरी दिवस जातात. प्राचीन भूमध्य समुद्राच्या भागात बॅलेरिक बेटांवरचे गोफणकरी भाडोत्री सैनिक म्हणून प्रसिद्ध होते. कार्थेजने त्यांना लढाईत वापरलं, नंतर रोमने. एवढी मागणी का, तर ते लहानपणापासून गोफण फिरवत मोठे झालेले असत.

मग गोफण साध्या रकान्यात गेली कशामुळे? ती गरिबाची आहे म्हणून. दोरीची आहे, फुकट आहे, गुराखी आणि शेतकरी वापरतात म्हणून. म्हणजे एकाच रकान्यात दोन वेगळे निकष बसले आहेत. क्रॉसबो ‘शिकायला सोपी’ म्हणून आत आली आणि गोफण ‘साध्या माणसाची’ म्हणून. रकान्यावर पाटी मात्र एकच. त्यातून गंमत अशी होते की 2014 च्या नियमांत जादूगाराला गोफणीचं प्रावीण्य आपोआप मिळतं. ज्याने उभी हयात पोथ्यांत घातली त्याला गोफण येते, पण लहान तलवार येत नाही!

तिसऱ्या रकान्याची गोष्ट याहून बोलकी आहे. 3.5 आवृत्तीत विळा साधा आहे आणि ‘कामा’ परकी. कामा म्हणजे काय, तर जपान-ओकिनावाकडचा गवत आणि धान कापायचा विळाच. पातं जरा सरळ, एवढाच फरक. दोन्हींचा घावही नियमात सारखाच. एक विळा साधा, दुसरा परका. कुणासाठी परका, हे रकाना सांगत नाही. बघणारा कुठे उभा आहे ते लपवून ठेवणारा हा शब्द आहे. पाचव्या आवृत्तीने तो रकाना काढला आणि कामाला सरळ विळ्याच्याच नियमात बसवलं. सुधारणा चांगली होती, पण गोफण जिथे होती तिथेच राहिली.

आता आपल्याकडे या. शस्त्रांचे गट पाडायचा उद्योग इथेही जुना आहे, आणि प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारून गट पाडले आहेत.

अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात पाच गट आहेत: यंत्राने सोडलेलं, हाताने फेकलेलं, फेकून परत हातात येणारं, हातातून न सुटणारं आणि नुसत्या बाहूंचं युद्ध. इथे प्रश्न एकच: शस्त्र हातातून सुटतं का आणि कसं? शेतकऱ्याचं की सरदाराचं, हे विचारलेलंच नाही. याचा उपयोग मराठ्यांचा ‘विटा’ घेतला की कळतो. विटा म्हणजे दोर बांधलेला भाला. दोराचं दुसरं टोक हाताशी. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. खेळाच्या तक्त्यात तो जवळून मारायचा की दूरवरून फेकायचा, यावरच वाद होईल. अग्निपुराणाच्या यादीत त्याला जागा तयार आहे.

दुसरं वर्गीकरण कायद्याचं. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरण दिलंय लाठीचं आणि साध्या हातकाठीचं. लाठीने माणूस मरत नाही असं कायद्याला म्हणायचं नाही. त्याचा प्रश्न ‘वस्तू कशासाठी बनवली’ हा आहे, कौशल्याचा नाही. त्याच्या कामापुरतं ते बरोबरच आहे.

तिसरं आखाड्याचं. मर्दानी खेळात फरी-गदका का खेळवतात? चामड्याची फरी आणि काठीचा गदका हातात बसला की ढाल-तलवारीची निम्मी वाट झाली म्हणून. बोथाटी खेळवतात ती भाल्यासाठी. म्हणजे आखाड्याचा प्रश्न असा: एका हत्याराचा सराव दुसऱ्या कुठल्या हत्याराला कामी येतो? प्रावीण्याचे गट पाडायचे तर विचारायला हवा तो प्रश्न हाच आहे. 1995 च्या त्या पुस्तकातला निम्म्या दंडाचा नियम याच्या सगळ्यात जवळ गेला होता.

फक्त त्या पुस्तकाने जवळीक ठरवताना बराचसा भर शस्त्राच्या आकारावर आणि कुळावर दिला. तिथे दांडपट्टा घालून बघा. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलेला हा पट्टा दिसायला लांब तलवार. पण त्याची मूठ लोखंडी हातमोज्यात बंद असते, मनगट अडकलेलं राहतं. तलवारबाजाचं अर्धं कसब मनगटात असतं आणि इथे तेच चालत नाही. पट्टा खांद्यातून, कमरेतून आणि पायाच्या फिरकीतून चालतो. आकाराने तलवारीचा भाऊ, सरावाने दूरचा पाहुणा. आणि लाठी? ती आखाड्यात आधी शिकवतात, पण आधी शिकवतात म्हणजे सोपी असते असं नव्हे. मुळाक्षरंही आधीच शिकवतात.

खेळाच्या बाजूने एक गोष्ट म्हणायलाच हवी. वर्गीकरण वापरता यावं लागतं. चाळीस शस्त्रांच्या आपसातल्या नात्यांचा तक्ता टेबलावर पसरला तर संध्याकाळ तक्त्यातच जाईल. दोन रकाने ठेवणं हा आळस नाही, तडजोड आहे. माझी तक्रार रकाने कमी आहेत ही नाही. रकान्याला ‘साधी’ हे नाव देऊन आत कौशल्य आणि सामाजिक पायरी यांची मिसळ केली, ही आहे. त्यापेक्षा ‘लोकांकडे असणारी’ आणि ‘सैन्यात शिकवली जाणारी’ असं नाव दिलं असतं तर गोफण तिथे शोभली असती आणि कुणाची फसवणूक झाली नसती. मग क्रॉसबोला मात्र बाहेर काढावं लागलं असतं. निकष उघडा मांडला की असं होतंच, काही गोष्टींना जागा बदलावी लागते.

खेळात चूक झाली तर फार तर एक राक्षस जास्त जगतो. आपल्या कामात तसं नसतं. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात ‘अकुशल शारीरिक काम’ असे शब्द होते. किमान वेतनाच्या दरपत्रकांतही कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात आणि रकाना बदलला की मजुरी बदलते. आता ‘अकुशल’ या पाटीखाली काय जातं बघा: बांध घालणं, खोदकाम, दगड रचणं. उतार बघून बांध कुठे घालायचा, कुठला दगड कुठे बसतो, हे ज्याला कळतं त्याचं काम अकुशल कसं? सर्टिफिकेट नाही म्हणून. काम गरीब माणूस करतो म्हणून. गोफण साध्या रकान्यात गेली, त्याच वाटेने हेही गेलं.

तुमच्यापैकी कुणी शेतमजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, वीटभट्टी यांवर काम करणार असेल, तर प्रश्नावलीत ‘अकुशल’ हा रकाना छापण्याआधी थांबा. सरकारी आकडेवारीशी तुलना करायची म्हणून तो शब्द वापरणार असाल तर खुशाल वापरा, पण तसं लिहा. कौशल्यच मोजायचं असेल तर आखाड्याचा प्रश्न विचारा: हे काम यायला किती हंगाम लागले, कुणाकडून शिकलात, हे आल्यामुळे आणखी काय सोपं गेलं?

आणि आपल्या गटांची एक चाचणी घरीच करून बघा. प्रत्येक गटातल्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी घ्या आणि त्या एकत्र का आहेत याचं कारण एकेका वाक्यात लिहा. दोन्ही वाक्यं सारखी आली तर गट टिकेल. क्रॉसबोचं वाक्य एक आणि गोफणीचं दुसरं, असं झालं तर सिनॉप्सिस अजून जमा करू नका.