निवेदन कोणाचे?

संगीताचा इतिहास सांगणाऱ्या तबकडीचे परीक्षण करताना त्यात कोणती गाणी घेतली, कोणती गाळली, याचीच चर्चा होते. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न निराळा आहे. निवेदन कोणाचे आहे?

१९५४ साली अमेरिकेतील फोकवेज कंपनीने ‘द स्टोरी ऑफ जॅझ’ ही बोलकी तबकडी काढली. निवेदक होता लँग्स्टन ह्यूज, तेथील काळ्या जनतेचा कवी. श्रमगीते, ब्लूज, रॅगटाइम हा प्रवास तो मुलांना समजेल अशा भाषेत सांगतो आणि मधूनमधून मूळ ध्वनिमुद्रणे ऐकवतो. १९८७ साली फोकवेजचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेकडे गेला व तिने तो उपलब्ध ठेवला. म्हणूनच लासलगावात बसून मला ही तबकडी ऐकता आली.

त्याच १९५४ च्या जुलैत मेंफिस शहरात एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाने ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. रॉक अँड रोलचा इतिहास सांगणारे अनेकजण येथूनच सुरुवात करतात. पण ते गाणे आर्थर क्रुडप या काळ्या गायकाचे होते. त्याने ते १९४६ सालीच गायिले होते. १९७४ साली तो वारला तोवर त्याच्या हक्काचे पैसे त्याला पुरते मिळाले नव्हते. चांदवड, येवला, निफाडच्या रानातला कांदा आमच्या बाजार समितीत येतो आणि पुढे लासलगावचा कांदा म्हणून देशभर जातो. तो निंदणाऱ्या-काढणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही गोणीवर नसते. रॉक अँड रोलचे तेच झाले. मळा एकाचा, मार्का दुसऱ्याचा.

म्हणून ह्यूजच्या तबकडीचे मोल मोठे आहे. ज्यांनी संगीत घडवले त्यांच्यातलाच एक कवी येथे इतिहास सांगतो. परंतु तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचा सूर आनंदाचा आहे; या संगीतावर कोणी किती कमावले, हा हिशेब ती मांडत बसत नाही. १९५३ साली मॅकार्थी समितीने ह्यूजला चौकशीला बोलावले होते, हे ध्यानात घेतले तर ही सौम्यता समजू शकते. समजू शकते, पण पुरेशी वाटत नाही.

आता आपल्याकडे पाहू. येथून जवळच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. असे विचार वस्तीवस्तीत नेण्याचे काम आंबेडकरी जलशांनी केले. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी स्वतः जलसे उभे केले आणि १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हा ग्रंथ लिहून त्यांचा इतिहासही सांगितला. इतिहास कलावंताच्याच हाती राहिला, ही मोठी गोष्ट. पण तो कागदावर राहिला.

जलशात गाण्याइतकेच मोल बोलण्याला होते. सवाल-जवाब, फार्स, दोन गाण्यांमधला उपदेश यांतूनच माणूस जागा होत होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात गाणे बसे, बोलणे बसत नसे. पुढे कॅसेट आली, जागा वाढली; पण बाजाराने गाणेच उचलले. वामनदादा कर्डकांची गीते कितीतरी गळ्यांतून घरोघर पोचली. आज जयंतीच्या मिरवणुकीत गाणे मोठ्याने वाजते. त्या गाण्यामागचा माणूस, त्याची पायपीट, त्याची उपासमार कोणी सांगत नाही. विचार सुटा होऊन ठेका तेवढा उरला, तर प्रस्थापितांना तो खपवायला काहीच अडचण नाही.

जलसे पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. ध्वनिमुद्रणासाठी आज कोणत्याही कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो. आपल्या शाहिरांची गाणी टिपताना त्यांचे बोलणेही त्यांच्याच आवाजात टिपले पाहिजे, आणि ह्यूजने बाजूला ठेवलेला पैशाचा हिशेबही त्यांना विचारला पाहिजे. नाहीतर उद्या आपल्या संगीताचाही इतिहास दुसराच कोणी सांगेल, आणि त्यात आपण फक्त साथीदार असू.