‘बाल वैज्ञानिक’ : उत्तर न छापणारे पाठ्यपुस्तक – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

विज्ञान हे कृतीतून शिकवावे, याविषयी शिक्षणक्षेत्रात आता फारसे दुमत राहिलेले नाही. मतभेद आहे तो कृती कशाला म्हणावे याविषयी. शालेय प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान अशी शीर्षके असतात. परंतु अनुमान बहुधा फळ्यावरून आधीच उतरवून घेतलेले असते. हात प्रयोग करतात आणि बुद्धी नक्कल करते. या दृष्टीने होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम व त्याचे ‘बाल वैज्ञानिक’ हे हिंदी पाठ्यपुस्तक यांची चिकित्सा उद्बोधक ठरते.

पार्श्वभूमी

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ मध्ये या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. शासकीय शाळांत तीस वर्षे टिकलेला असा उपक्रम भारतात विरळाच म्हणावा लागेल.

पाठ्यपुस्तकाचे वेगळेपण

‘बाल वैज्ञानिक’चे वैशिष्ट्य त्यातील प्रयोगांच्या संख्येत नाही. मुलांनी गटात प्रयोग करावा, निरीक्षणे नोंदवावीत, चर्चा करावी आणि निष्कर्ष स्वतः लिहावा, अशी त्याची रचना आहे. प्रश्न छापलेला असतो, उत्तर नसते. ही रिकामी जागा हेच या पुस्तकाचे खरे शैक्षणिक विधान होय.

त्याचे महत्त्व एका परिचित प्रयोगावरून स्पष्ट होते. पाण्याच्या ताटलीत जळती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला पालथा घातला, की ज्योत विझते व पेल्यात पाणी चढते. हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढले, असा निष्कर्ष वर्षानुवर्षे शिकविला गेला. वस्तुतः ऑक्सिजन पूर्ण संपण्यापूर्वीच ज्योत विझते; पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकुंचन पावल्यामुळे. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी अधिक चढते, आणि ऑक्सिजनचे स्पष्टीकरण कोसळते. परंतु उत्तर आधीच छापलेले असेल, तर दुसरी मेणबत्ती लावून पाहण्याचे कारणच विद्यार्थ्याला उरत नाही.

साधनांचा अभाव ही सबबही या कार्यक्रमाने निकालात काढली. पुण्याच्या टेल्को कंपनीतील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादेत आले. काड्यापेटीतील काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी आकृत्या घडविल्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतो, हे मुलाला बोटांनीच कळते.

मर्यादा

तथापि या कार्यक्रमाचा केवळ गौरव करणे चिकित्सेला धरून होणार नाही. बियांचे अंकुरण किंवा चुंबकाचे गुणधर्म मूल स्वतः शोधू शकते. अणूची संकल्पना मात्र टेबलावरील निरीक्षणातून आपोआप उद्भवत नाही. सर्व गटांचे एकमत झाले तरी निष्कर्ष चुकीचा असू शकतो. त्या क्षणी उत्तर न सांगता नवा प्रयोग सुचविणारा शिक्षक लागतो, आणि त्याला विषयाचे ज्ञान नेहमीपेक्षा अधिक असावे लागते. उन्हाळी प्रशिक्षण व मासिक बैठका यांची व्यवस्था कार्यक्रमाने केली होती. पण अशा शिक्षकावर विसंबलेले पुस्तक त्याच्याविना दुबळे ठरते.

दुसरी मर्यादा पुस्तकाबाहेरची आहे. कार्यक्रमाने पुस्तक उघडे ठेवून लेखी परीक्षा घेतली व प्रात्यक्षिक परीक्षेलाही स्थान दिले. परंतु आठवीनंतर विद्यार्थी पुन्हा स्मरणावर आधारित परीक्षेकडेच जात असे. ही मुले पुढे मागे पडतात, असा आक्षेप कार्यक्रमावर घेतला गेला. मूल मागे पडले की परीक्षाच मागे राहिली, हा प्रश्न त्या वादात पुरेसा विचारला गेला नाही.

समारोप

या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष केवळ शाळेपुरता नाही. पदवीच्या प्रयोगशाळेत लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढताना ९.८ हे उत्तर गृहीत धरून निरीक्षणे उलटी रचणारा विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयाला अपरिचित नाही. ती सवय त्याला शाळेने लावली आणि महाविद्यालयाने गुण देऊन पक्की केली. ९.४ हे प्रामाणिक उत्तर व त्यातील त्रुटीची मीमांसा यांना ९.८ या नकललेल्या उत्तरापेक्षा अधिक गुण मिळत नाहीत, तोवर शालेय पाठ्यपुस्तकातील रिकाम्या जागेचा अर्थ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार नाही. ‘बाल वैज्ञानिक’ने विचारलेला प्रश्न त्यामुळे आजही अनुत्तरित आहे.