महाग संघच जिंकतो का?

१ जून २००८. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, आयपीएलची पहिली फायनल. ६.७ कोटी डॉलरचा, सगळ्यांत स्वस्त राजस्थान संघ जिंकला. सगळ्यांत महाग मुंबई, ११.१९ कोटींची, सेमीफायनललाही नव्हती.

एक चाहता म्हणतो, "पैशाने काही होत नाही." दुसरा मुंबईची नंतरची पाच विजेतेपदं मोजून दाखवतो. मला दोघांचंही पटत नाही. जवळपास मुंबईइतक्याच महाग बंगळुरूला पहिलं विजेतेपद २०२५ मध्ये मिळालं, त्याचं काय? शिवाय ही किंमत मालकांनी संघ घेण्यासाठी मोजली. खेळाडूंच्या लिलावात खर्चाची कमाल मर्यादा सगळ्यांना एकच होती. म्हणजे आकडा एका गोष्टीचा, दावा दुसरीचाच!

तुमच्या प्रपोजलमधला आकडा नेमकं काय मोजतो? गाइडने विचारण्याआधी स्वतःला विचारा.